कूलरवरील कराचा जाब

वैशाखात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे झेपावतो, तेव्हा वऱ्हाडच्या कोरड्या हवेत कूलर ही चैन राहत नाही. ती गरज ठरते. केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील वस्तू व सेवा कर परिषदेने २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु कूलरवरील १८ टक्के मात्र जागच्या जागी राहिले! बंगला आणि टिनाच्या छपराखालील बिऱ्हाड यांना एकच माप लावणे हा कोणता न्याय? परिषदेत महाराष्ट्रालाही मत आहे. तेव्हा दिल्ली आणि मुंबई, दोन्ही अर्थखात्यांनी जनतेला याचे उत्तर दिले पाहिजे. आणि तेही दर उतरवूनच.