कळसंकेतांची योजना आणि लोप

शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो. कळफलकावरील कळ आणि तिने घडणारी क्रिया यांचा संबंधही तसाच होय. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये निर्माण केलेला ‘मट’ हा केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारा ई-मेलचा प्रोग्राम या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मटमधील पत्रांच्या यादीत ‘डी’ दाबली असता एका पत्रावर ते काढून टाकण्याची खूण होते. ‘कंट्रोल-डी’ दाबली असता संपूर्ण पत्रमालिकेवर होते. पेटी बंद करताना प्रोग्राम संमती विचारतो खरा. परंतु ‘होय’ हेच उत्तर गृहीत धरलेले असल्यामुळे सवयीने एन्टर दाबताच निवेदकांशी झालेला वर्षभराचा पत्रव्यवहार नष्ट होऊ शकतो. क्षेत्रीय अभ्यासकाच्या दृष्टीने ही मूळ सामग्रीचीच हानी होय.

यावरील उपाय ‘मटआरसी’ या फाइलमध्ये करता येतो. तेथील नियमाचे चार घटक असतात: ‘बाइंड’ ही आज्ञा, स्थान, कळ आणि क्रिया. (प्रत्यक्षात हे सर्व रोमन लिपीत लिहावयाचे असते.) पत्रांच्या यादीचे स्थान ‘इंडेक्स’ व वाचनाचे ‘पेजर’ होय. क्रियेच्या जागी ‘नूप’ लिहिले की त्या स्थानी कळ निष्क्रिय होते. पाणिनीय परंपरेत लोप म्हणजे अदर्शन. येथेही कळ राहते, तिचे कार्य मात्र दिसत नाही.

लोप कोठे करावयाचा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘जेनेरिक’ हे सामान्य स्थान. विशिष्ट स्थानी नियम न आढळल्यासच मट तिकडे वळतो, आणि पेजरच्या बाबतीत तर तिकडे वळतच नाही. हा उत्सर्ग व अपवाद यांचाच न्याय आहे. म्हणून ‘कंट्रोल-डी’चा लोप जेनेरिकमध्ये केल्याने यादीतील धोका टळत नाही, तो इंडेक्स आणि पेजर या दोन्ही स्थानी करावा लागतो.

नवी योजना करतानाही लोपाची गरज पडते. ‘जी’ दाबल्यास सर्वांना उत्तर जाते. ‘जी-जी’ या जोडीने पहिल्या पत्राकडे जावयाचे असेल, तर एकट्या ‘जी’चा संकेत आधी काढावा, अन्यथा पहिल्या ‘जी’चा अर्थ संदिग्ध होईल.

बदल केल्यावर प्रत्येक स्थानी प्रश्नचिन्हाची कळ दाबून प्रचलित संकेतांची यादी पडताळावी, आणि मगच खऱ्या पत्रपेटीत काम सुरू करावे.