रंगद्रव्याची वाट आणि मेलॅनोफिलिनचा दुवा

केसांना काळेपणा देणारे मेलॅनिन केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींत, मेलॅनोसोम नावाच्या पटलवेष्टित पुटिकांमध्ये तयार होते, आणि या पुटिका रंगपेशीच्या फाट्यांच्या टोकापर्यंत पोहोचल्या तरच त्यातील रंगद्रव्य शेजारच्या पेशींना मिळते. ही वाहतूक खोळंबली, तर मेलॅनिन मुबलक असूनही केस रुपेरी-करडे दिसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत रंगद्रव्याचे वेडेवाकडे पुंजके आढळतात. क्लॉद ग्रिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये वर्णन केलेल्या दुर्मिळ आनुवंशिक विकारात नेमके हेच घडते.

पेशीतील वाहतूक मोटर प्रथिनांकडे असते. एटीपी या रेणूतील ऊर्जा वापरून ती पेशीतील तंतूंवरून पावले टाकत जातात. लांब पल्ल्यासाठी सूक्ष्मनलिकांवर कायनेसिन आणि डायनीन, तर पेशीच्या कडेला ॲक्टिन तंतूंच्या जाळ्यात मायोसिन-५ए काम करते. मायोसिन-५एचे एक पाऊल सुमारे ३६ नॅनोमीटरचे असले, तरी कोणता माल उचलायचा हे ते स्वतः ठरवत नाही. ती निवड अडॅप्टर, म्हणजे माल आणि मोटर यांना जोडणाऱ्या प्रथिनांमुळे होते.

मेलॅनोसोमच्या पटलात रॅब२७ए हे प्रथिन रुतलेले असते. मेलॅनोफिलिन हे अडॅप्टर आपल्या एका टोकाने रॅब२७एला धरते आणि मधल्या भागाने मायोसिन-५एला बिलगते. शिवाय एरवी स्वतःवरच दुमडून निष्क्रिय राहणाऱ्या या मोटरला ते कार्यप्रवणही करते.

या साखळीतील कोणतीही कडी निखळली, तरी मेलॅनोसोम पेशीकेंद्रकाभोवती अडकून पडतात. 'डायल्यूट', 'ॲशन' आणि 'लेडन' या फिकट रंगाच्या उंदरांमध्ये अनुक्रमे मायोसिन-५ए, रॅब२७ए आणि मेलॅनोफिलिन यांची जनुके सदोष असतात, आणि ग्रिसेली विकाराचे तीन प्रकारही याच क्रमाने पडतात. पहिल्या प्रकारात मज्जासंस्थेवर आघात होतो, कारण चेतापेशींनाही हीच मोटर लागते. दुसऱ्यात रोगप्रतिकारशक्ती कोलमडते, कारण मारक टी पेशी आपल्या विषारी कणिका रॅब२७एच्या मदतीने बाहेर सोडतात. तिसऱ्यात मात्र केवळ रंग फिका पडतो.

मोटर सर्वसामान्य आणि अडॅप्टर विशिष्ट, या निष्कर्षाला २००३ मध्ये ठोस आधार मिळाला. मायोसिन-५एच्या जनुकातील 'एक्झॉन एफ' हा छोटा तुकडा रंगपेशींतील मोटरमध्ये असतो, मेंदूतील मोटरमध्ये नसतो, आणि मेलॅनोफिलिनला पकड मिळते ती त्याच्यामुळे. तेवढाच तुकडा गळालेल्या रुग्णात मोटरचे जनुक सदोष असूनही मज्जासंस्था शाबूत होती आणि दोष रंगापुरताच उरला होता. म्हणजे मोटर धडधाकट असूनही केवळ जोड तुटल्याने एकच माल मागे राहिला होता.

या भेदाला वैद्यकीय मोलही आहे. रुपेरी केसांच्या बालकात दुसऱ्या प्रकाराचे निदान झाल्यास मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार तातडीने करावा लागतो, तर तिसऱ्या प्रकाराला उपचारांची गरज नसते. केस सारखेच दिसत असल्याने हा निर्णय जनुकीय तपासणीवर सोपवावा लागतो.