वज्रेश्वरी: नवसातून उभे राहिलेले रणस्मारक

भिवंडी म्हटले की यंत्रमागाचा खडखडाट आठवतो, आणि अलीकडे त्यात गोदामांची भर पडली आहे. अंजूरफाट्यावर कंटेनर आणि टेम्पो एकमेकांना खेटून उभे असतात. तिथून एक रस्ता खारबाव, कामण करत चिंचोटीला, म्हणजे वसईकडे निघतो. शहरातून वाड्याच्या वाटेने गेले तर अंबाडी नाका लागतो आणि तिथून डावीकडे वळले की वज्रेश्वरी. ज्या अंजूरवरून त्या फाट्याला नाव पडले ते गाव आणि ही वज्रेश्वरी, दोन्ही भिवंडी तालुक्यातच. मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांशी जे युद्ध केले, त्याची सुरुवात एका गावाशी जोडलेली आहे आणि सांगता दुसऱ्या गावाशी. एवढ्या मोठ्या युद्धाची खूण मिरवणारे गाव भिवंडी तालुक्यात आहे, हे तिथे दर्शनाला येणाऱ्या बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते.

आधी अंजूर. उल्हास नदीच्या खाडीकाठचे हे गाव. खाडीपलीकडे साष्टी, तिच्या उत्तरेला वसई, आणि तिथे फिरंग्यांचा अंमल. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. त्या मुलखात सक्तीची धर्मांतरे, देवळांची मोडतोड आणि हिंदूंच्या सणावारांवर बंदी हे प्रकार वेळोवेळी झाले. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी याविरुद्ध पुण्याकडे दाद मागितली. ‘साष्टीची बखर’ या घराण्याची खटपट तपशिलाने सांगते: चिंचवडच्या देवांकडे जाणे, गणपतीचे अनुष्ठान, दृष्टांत, पेशव्यांच्या भेटी, मुलखातल्या माणसांची जुळवाजुळव. बखरीत नाईकांचे पारडे थोडे जड असणार, हे गृहीत धरूनच ती वाचावी. तरी एक गोष्ट खरी. खाडीची भरती-ओहोटी, उतार, ठाण्याच्या किल्ल्याचे अपुरे बांधकाम, कोण आतून फुटेल, ही सगळी माहिती घाटावरच्या फौजेला मिळाली ती अशा स्थानिक माणसांकडूनच. अंजुरात नाईकांचा वाडा आजही आहे आणि त्यातल्या गणपतीच्या दर्शनाला पंचक्रोशीतून लोक येतात.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठे ठाण्यावर तुटून पडले. पोर्तुगीज तिथे नवा किल्ला बांधत होते आणि तट पुरा व्हायचा होता, तेवढ्यात तो गेला. पाठोपाठ साष्टी गेली. त्याच धामधुमीत शंकराजी केशव फडके यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण वज्रेश्वरीच्या देवळाशी तेच पुन्हा जोडलेले सापडते. वसई मात्र हाती लागेना. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, चौथीकडे रेताड जमीन, भक्कम बुरूज आणि समुद्रातून येणारी रसद, असा तो किल्ला. दोन पावसाळे उलटले तरी फौज बाहेरच होती.

१७३८ च्या शेवटी बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा स्वतः मोहिमेवर उतरले. त्यांनी आधी वसईचे हातपाय तोडले: माहीम, केळवे, तारापूर, डहाणू अशी किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरच्या हल्ल्यात, जानेवारी १७३९ मध्ये, बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला. त्याच्या आईला पेशव्यांकडून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयात आजही नावाजले जाते. ‘यंव लढला, त्यंव लढला’ अशी फुशारकी त्या पत्रात नाही. मुलगा गेलेल्या आईशी कसे बोलावे याचा तो नमुना आहे. त्या काळच्या मराठी रणस्मारकांत खरे तर या पत्राचा नंबर पहिला लागावा.

याच मोहिमेत चिमाजी अप्पांचा तळ वडवलीच्या परिसरात पडला होता, असे परंपरा सांगते. वडवली म्हणजेच आजची वज्रेश्वरी. देवीचे मूळ ठाणे गुंजचे. फिरंग्यांच्या उपद्रवामुळे ती तानसेच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांच्या शेजारी आली होती. अप्पांनी तिला नवस केला: वसई हाती आली तर तुझे देऊळ बांधीन. किल्ला पडेना तेव्हा त्यांनी काढलेले उद्गारही प्रसिद्ध आहेत, की निदान माझे मस्तक तरी तोफेने उडवून किल्ल्यात पडेल असे करा. हे शब्द खरोखर कधी उच्चारले गेले का, हे आता कोण सांगणार? पण फौज थकली होती आणि सेनापती हट्टाला पेटला होता, एवढे त्यातून नक्की कळते. दिल्लीत नादिरशहा येऊन बसला होता आणि बाजीरावांचे डोळे उत्तरेकडे लागले होते. वसई लवकर उरकणे भाग होते.

शेवट सुरुंगांनी केला. तटाच्या पायथ्यापर्यंत खंदक खणत नेले, बुरुजांखाली दारू ठासली. मेच्या पूर्वार्धात सुरुंग उडाले, सॅन सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि त्या खिंडारातून मराठे आत घुसू लागले. काही सुरुंग उशिरा उडाले आणि त्यांत आपलीच माणसे गेली. आतून दारूची मडकी, हातबाँब, दगड यांचा मारा चालू होता. १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली. पोर्तुगीज सेनाधिकारी आधीच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने तहावर सही केली. अप्पांनी अटी उदार ठेवल्या. शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले आणि रहिवाशांना चीजवस्तू नेण्यासाठी आठवड्याची मुदत दिली.

मग नवस फेडायचा होता. वसईचे सुभेदार झालेल्या शंकराजी केशव फडक्यांना देऊळ बांधण्याची आज्ञा झाली. अर्नाळा जिंकणारा माणूसच वज्रेश्वरीचा बांधकामप्रमुख झाला, आणि ते देवळाकडे पाहताच पटते. टेकाडावरचे हे देऊळ दुरून किल्ल्यासारखेच दिसते. भोवती काळ्या दगडाचा तट, समोर नगारखान्याचा भक्कम दरवाजा. त्याचे मोजमाप वसई किल्ल्याच्या दरवाजाइतकेच आहे, असे सांगतात. वर जायला बावन्न पायऱ्या. त्यांतल्या एकीवर कासव कोरलेले आहे. वर मंडप, त्यापुढे गाभारा. देवीच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात गदा, बाजूला त्रिशूळ. सोबत रेणुका, सप्तशृंगी, महालक्ष्मी, कालिका आणि परशुधारी परशुराम. पुढच्या काळातही भर पडत गेली. दीपमाळ आणि पायऱ्या नाशिककडच्या नानासाहेब चांदवडकर नावाच्या सावकाराने बांधल्या, असे म्हणतात. चैत्र अमावास्येला इथे मोठी जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी देवीची पालखी निघते.

स्मारक म्हणून पाहिले तर या देवळाची रचना फार बोलकी आहे. जिंकलेला किल्ला दुसरीकडे, पण त्याचा दरवाजा इथे पुन्हा उभा केलेला. भाविक त्या दरवाजातून आत जातात, म्हणजे दर खेपेस एका परीने वसईतच शिरतात. रोमन सम्राट अशा प्रसंगी विजयकमान बांधत आणि तिच्यावर स्वतःचे नाव कोरून घेत. चिमाजी अप्पांनी कमान देवीच्या नावे केली. स्वतः ते पुढच्याच वर्षी, १७४० च्या डिसेंबरात, जेमतेम तिशी ओलांडून वारले.

या विजयाची दुसरी स्मारके गावोगाव टांगलेली आहेत. वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठे घेऊन गेले आणि महाराष्ट्रातल्या देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ हे साल आणि मेरीची आकृती. नाशिकला गोदाकाठी, नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिरावरच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. तिचा आवाज एवढा दांडगा की मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची पद्धतच पडली. वसईत आजही मराठी बोलणारा मोठा कॅथलिक समाज आहे; त्याच्या दृष्टीने या घंटा हरवलेल्या आहेत. एकाची विजयचिन्हे ही दुसऱ्याची उणीव असते, हे या घंटांबाबत शब्दशः खरे आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ते सोडून देणे बरे नव्हे.

एवढे सगळे असून वज्रेश्वरीत एक गोष्ट शोधूनही मिळत नाही: वसईत पडलेल्या शिपायांची नावे. खिंडारात कोण आधी शिरले, सुरुंगात कोण गाडले गेले, कोणत्या गावचे, कोणत्या पथकाचे? देऊळ यांपैकी काहीच सांगत नाही. ते सेनापतीच्या नवसाचे आणि देवीच्या कृपेचे स्मारक आहे. लढाईत हजारोंनी माणसे खर्ची पडली, पण दगडावर त्यांना जागा नव्हती.

याला त्या काळची रीत म्हणून सोडून देता येत नाही, कारण याच ठाणे परिसरात त्याआधी पाचशे वर्षे दुसरी रीत होती. गावासाठी, गुरांसाठी किंवा राजासाठी लढताना पडलेल्याचा दगड उभा करत, तो वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. बोरिवलीजवळच्या एकसर गावातले वीरगळ यांत सर्वांत नावाजलेले. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरने तिथे एका रांगेत सहा शिळा नोंदल्या, मोठ्या चार दहा फुटांच्या आसपास उंच. त्यांवर चक्क आरमारी लढाई कोरली आहे: वल्ह्यांच्या रांगा, टोकदार नाळेची गलबते, पाण्यात कोसळणारी माणसे. बऱ्याच अभ्यासकांनी तिचा संबंध यादवांचा महादेव आणि ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी जोडला. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे. काहींच्या मते हे दगड त्याहून जुने आहेत. एकमत नाही, आणि दगडांवर लेख नाहीत. म्हणजे वीरगळावरही नाव नाही. पण माणूस आहे. त्याची ढाल, त्याचे पडणे, त्याला उचलून नेणाऱ्या स्त्रिया, सगळे त्याचेच. सेनापती असलाच तर मागच्या रांगेत.

साध्या शिपायाचे नाव दगडावर आले ते महाराष्ट्रात मुख्यतः इंग्रजी अमलात. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने भीमेकाठी स्तंभ उभारला. त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतली २२ ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली, म्हणजे महार शिपायांची. याच नावांमुळे हा स्तंभ पुढे इंग्रजांचा उरला नाही. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि आज दर वर्षी लाखो लोक तिथे जमतात. पहिल्या महायुद्धानंतर कोकणात आणि देशावर अनेक गावांत संगमरवरी पाट्या लागल्या. त्यांत हिशेब चोख असे: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नाव नाही, आकडा आहे. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत हा आकडा ४६ होता, आणि गावाच्या नावापुढचे ‘मिलिटरी’ तेव्हापासून कायमचे झाले. पुण्यात १९९८ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या स्मारकात पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, प्रत्येकाची स्वतंत्र वीट.

वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचे स्मारक आहे आणि मे महिन्यात तिथे विजयोत्सव होतो. वज्रेश्वरीत मात्र देऊळ कोणत्या युद्धातून उभे राहिले ते सविस्तर सांगणारा, नावे देणारा फलक हवा होता. त्यासाठी सामग्री नाही असेही नाही. अंजूरकर नाईकांची नावे बखरीत आहेत, बाजी भिवरावांचे नाव पत्रात आहे, फडक्यांची कामगिरी कागदोपत्री आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून जे ४५ खंड संपादित केले, त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रे आहेत: मोर्चे कुठे लागले, कोण जखमी, कोण ठार, कोणाच्या घरच्यांना काय द्यायचे. बाकीचे मोडीतले रुमाल अजून दफ्तरखान्यात बांधलेलेच आहेत.