गळ्यात पडणे आणि गले पड़ना

अठराव्या शतकात पवारांबरोबर धार आणि देवास येथे आलेली मराठी आज मुख्यतः घरात उरली आहे. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पुढे शाळा, कचेरी आणि बाजार हिंदीचा झाला. शेजार माळवीचा होताच. घरच्या मराठीत शिरलेले 'सब्जी', 'चाबी' हे शब्द कानाला लगेच खटकतात. अवयवांवरून झालेले वाक्प्रचार मात्र मराठी वेषात येतात, म्हणून त्यांना कोणी अडवत नाही.

'यापुढे उधारी नको, मी कान पकडले', हे वाक्य घ्या. शब्द सगळे मराठी, अर्थ मात्र हिंदीतल्या 'कान पकड़ना'चा. मराठी माणूस अशा वेळी कानाला खडा लावतो. कान धरायचा तो दुसऱ्याचा, जाब विचारायला.

गळ्याचा प्रकार अधिक नाजूक आहे. आजी कौतुकाने म्हणते, 'नात धावत येऊन गळ्यात पडली.' हेच कोणी शेजारणीला हिंदीत 'गले पड़ गई' असे सांगितले, तर ती नात नकोशी ब्याद ठरेल. मराठीत नको असलेले काम गळ्यात पडते आणि प्रेमाचे माणूसही पडते. हिंदीने मिठीसाठी 'गले लगना' वेगळे ठेवले आहे. तसेच माहेराहून निघताना आपले पाय जड होतात, तर हिंदीत 'पाँव भारी' होणे म्हणजे दिवस जाणे. ('पीठ' या शब्दाविषयी तर बोलायलाच नको. हिंदीतली पाठ आपल्याकडे डब्यात भरून ठेवतात!) आमच्याकडच्या काही घरांत 'पाय भारी आहेत' असे रुळले आहे. मला ते खटकत नाही. त्यात एक आडपडदा आहे.

खरे नुकसान पोटाचे आहे. मराठीत माया पोटात असते, गुपित पोटात राहते, दुसऱ्याचे बरे झाले की पोटात दुखते आणि अपराधही पोटात घालता येतो. हिंदीत 'पेट में डालना' म्हणजे काहीतरी खाणे, एवढेच. त्यामुळे 'चूक पोटात घाला' मागे पडून सर्वत्र 'माफ करा' आले. 'पोटनिवडणूक' ऐकून तर 'उपचुनाव' माहीत असलेले विद्यार्थी आधी हसतात.

अशा जागी वहीत तांबडी रेघ मारून काही साधत नाही. 'माफ करा' आणि 'पोटात घाला' ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहावीत आणि कोण कोणाला काय म्हणेल, ते विचारावे. अनोळखी माणसाला धक्का लागला तर पहिले, काकांचे मन दुखावले तर दुसरे, ही निवड मुले स्वतःच करतात.