चंदेरी मिग आणि गंजाचा रंग

1963 ते 2025 पर्यंत आपल्या वायुसेनेत असलेले मिग-21 विमान सुरुवातीला बिनरंगी, चंदेरी होते. त्याच्या मॉडेलवर तांबडा गंज मात्र दाखवू नका. बाहेरचा पत्रा मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचा. तो तांबडा गंजत नाही, करडा व निस्तेज होतो. प्रथम चकचकीत काळा रंग द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक चंदेरीचे पातळ हात. एक-दोन पत्रे किंचित गडद ठेवा, खरी गंमत तिथेच आहे! सांध्यांत टर्पेंटाइनने पातळ केलेला काळपट तैलरंग सोडून नाकाकडून शेपटीकडे पुसावा, कारण हवा तशीच वाहते. शेपटीशी इंजिनाच्या उष्णतेने धातू निळसर-तपकिरी पडतो. तपकिरी रंग तेवढा तिथे चालेल. 1/72 प्रमाणात विमान जेमतेम वीतभर, तेव्हा हात आखडताच असावा. पालकांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, टर्पेंटाइनचा वास बाधतो.