रुपयामागे सहा पै

जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन आपल्याकडे दरवर्षी 28 नोव्हेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, हमखास बाहेर निघतं. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण हवं ही मागणी वक्ते आळवतात आणि कागद पुन्हा कपाटात जातो. मला या निवेदनाचा नाद लागला तो दुसऱ्याच कारणानं. त्यात हिशेब आहे, आणि तो पुणे नगरपालिकेच्या बाकावर बसलेल्या माणसाचा आहे. सहीखाली फुल्यांनी ओळख दिली आहे ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. पत्ता पेठ जुना गंज, पुणे. तारीख 19 ऑक्टोबर 1882. (त्या काळचा म्युनिसिपल कमिशनर म्हणजे नगरपालिकेचा सभासद. फुले 1876 पासून सरकारनियुक्त सभासद होते.)

आधी पैशाचं. 1860 च्या दशकापासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा पट्टी बसली होती. 1869 च्या कायद्यानं ती पक्की झाली. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांचा, बाकीचा मुख्यतः रस्त्यांसारख्या कामांचा. म्हणजे कुणब्यानं सरकारला एक रुपया भरला की शाळेसाठी वरून चार पै जात. फुल्यांची तक्रार अशी की शिक्षणाच्या नावानं गोळा झालेला हा पैसा शिक्षणावर नीट खर्चच होत नाही. इलाख्यातल्या दहांतल्या नऊ गावांत शाळेची सोय नाही, सुमारे 10 लाख मुलं तशीच राहिली आहेत, असा बोलला जाणारा आकडा ते आयोगापुढे ठेवतात. आणि मागतात काय? या पट्टीतून उभ्या राहणाऱ्या लोकल फंडाचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या. चारच्या जागी सहा पै. मागणी एवढी माफक आहे की वाचताना चुकल्यासारखं होतं.

शहरांच्या बाबतीत मात्र माफकपणा संपतो. आपापल्या हद्दीतल्या सगळ्या प्राथमिक शाळा नगरपालिकांनी चालवाव्यात, त्यासाठी त्यांना कायद्यानं भाग पाडावं, मोठ्या शहरांत तर सगळाच खर्च त्यांच्याकडून घ्यावा. आणि लगेच पुढे अट: शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती कदापि देऊ नये, देखरेख शिक्षण खात्याचीच राहावी.

हे लिहिलं गेलं तेव्हा हवा अगदी उलट होती. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याच वर्षीच्या मे महिन्यात निघाला होता आणि पुण्यातले सुशिक्षित त्यावर खूश होते. फुले म्हणतात, पैसे घ्या, किल्ल्या देऊ नका. ग्रामीण समित्यांबद्दलही त्यांचं मत तितकंच कडक: पाटील, इनामदार, सरदार यांचा भरणा असलेल्या, फंडावर डोळस नियंत्रण ठेवणं ज्यांच्या आवाक्यात नाही अशा.

हा अविश्वास बाकावर बसूनच आलेला असावा. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये मंजूर करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चा असं म्हणत 32 सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला, असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच, 1886 मध्ये, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं तिला नाव मिळालं ते महात्मा फुल्यांचंच. पुणेकरांची विनोदबुद्धी अशी सहज प्रकट होते.

निवेदनात एक जागा अशी आहे की तिथून पुढे जाववत नाही. महार, मांग वगैरे जातींच्या मुलांना इतर मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा. पुण्यात या समाजांची वस्ती 5,000 हून जास्त, आणि तिथे शाळा एक, मुलं 30 पेक्षा कमी. याच समाजासाठी तीसेक वर्षांपूर्वी ज्यानं स्वतः शाळा काढल्या, तो माणूस हे लिहितो आहे. त्यातली एक अजून आहे पण समाधानकारक स्थितीत नाही, एवढंच म्हणून पुढे सरकतो.

मास्तरांच्या पगारावर फुले चांगलेच रेंगाळतात. पंतोजीला क्वचितच 10 रुपयांवर मिळतात. 12 च्या खाली कोणालाच नको, मोठ्या गावात 15 ते 20 द्या. शिवाय गावचा हिशेब, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री ही कामं त्याच्याकडे सोपवा, म्हणजे दोन पैसे सुटतील आणि गावात वजनही राहील. मास्तर शक्यतो शेतकरी जातींतला घ्या, वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. शिकवणं काय, तर मोडी, बाळबोध, हिशेब, थोडं शेतीचं ज्ञान, आरोग्य. गावकुसाच्या आत कुलकर्ण्याच्या लेखणीला पर्याय उभा करण्याचा हा बेत होता, असं मला वाटतं. तो साधा पगारवाढीचा अर्ज समजून अभ्यासक पुढे जातात, याचं आश्चर्य वाटतं.

एक विसंगती मात्र लपत नाही. शिक्षण खात्याचा डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याचा काडीचा उपयोग नाही, तपासणी निदान दर तिमाहीला आणि आगाऊ वर्दी न देता व्हावी, असं फुलेच म्हणतात. मग शाळा त्याच खात्याच्या देखरेखीखाली का ठेवायच्या? खातं आळशी असेल, पण सरदार आणि इनामदार जवळचे होते, रोजचे होते. दोन वाइटांतलं लांबचं त्यांनी निवडलं.

आयोगाचा अहवाल 1883 मध्ये आला. लोकल फंडावर प्राथमिक शिक्षणाचा हक्क मानला गेला, सक्ती बाजूला पडली आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे द्यावा अशी शिफारस झाली. 1884 च्या कायद्यांनी तिकडेच पाऊल टाकलं. मधली वर्षं भराभर उलटायला हरकत नाही: गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं 1911 चं विधेयक, ज्यात दोन तृतीयांश खर्च सरकारचा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेचा होता, ते पुढच्या वर्षी 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. मग 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांचा कायदा आला. नगरपालिकांना वाटलं तर त्यांनी सक्ती लागू करावी.

वाटलं तर! पुण्यात यावरून जुंपली. फुल्यांच्या निवेदनातलं शेवटचं वाक्य मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक सढळ हातानं प्रसार करा, असं विनवणारं आहे. नेमकं तिथेच नगरपालिकेचं घोडं अडलं. पैसा पुरत नाही, तेव्हा सक्ती आधी मुलग्यांना, मुलींचं मागाहून पाहू, असं टिळकपक्षाचं म्हणणं. विठ्ठल रामजी शिंदे मुलींच्या बाजूनं उभे राहिले. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं शहरातल्या स्त्रिया मिरवणुकीनं रस्त्यावर उतरल्या. निधीची अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. पण टंचाई आली की पहिली कात्री कोणाच्या वाट्याला लावायची, हे सभासदांनी न अडखळता ठरवलं होतं. फुल्यांना हवा होता तो नगरपालिकांना भाग पाडणारा कायदा. 1918 चा कायदा त्यांच्या मर्जीवर सोडणारा होता, म्हणून रमाबाईंना मिरवणूक काढावी लागली.