निकालाच्या दिवशी सर्व्हर का अडतो?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल जाहीर झाला. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत मुले बैठक क्रमांक हाताशी घेऊन बसली. पण संकेतस्थळ काही उघडेना. कित्येक तास हाच प्रकार चालला. त्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती. गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते, तेव्हा किती पडले असतील याचा अंदाजही अनेकांना नव्हता.

अशा वेळी ‘गर्दीने सर्व्हर बंद पडला’ असे आपण म्हणतो. पण गर्दी झाली म्हणजे आत नेमके काय होते?

वेब सर्व्हर म्हणजे मागणी आली की पान पाठवणारा संगणक व त्यावरील आज्ञावली. डोंबिवली स्थानकावरच्या तिकीट खिडक्या डोळ्यांसमोर आणा. खिडक्या जितक्या उघड्या, तितक्याच लोकांना एका वेळी तिकीट मिळते, बाकीचे रांगेत. अपाची नावाचा सर्व्हर बराच वापरात आहे. त्याच्या ‘प्रीफोर्क’ या जुन्या पद्धतीत, कोणी बदल केला नाही तर, अशा २५६ खिडक्या असतात.

आता थोडे गणित करू. त्या निकालात सुमारे १५ लाख ७५ हजार विद्यार्थी होते. समजा, एका निकालाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. मग २५६ खिडक्या सेकंदाला १,२८० निकाल देतील आणि साऱ्यांचे काम वीस-एकवीस मिनिटांत आटोपेल. हे तर छानच झाले!

पण मेख पुढेच आहे. पान पाठवल्यावरही खिडकी लगेच मोकळी होत नाही. ‘याला आणखी काही हवे असेल’ म्हणून ती आणखी ५ सेकंद त्याच माणसासाठी अडून राहते. या सोयीचे नाव कीप-अलाइव्ह. एरवी ती उपयोगी आहे, कारण चित्रे असलेले पान तिच्यामुळे लवकर उमटते. निकालाच्या दिवशी मात्र प्रत्येक जण ५.२ सेकंद खिडकी अडवतो. सेकंदाला जेमतेम ४९ निकाल निघतात आणि वीस मिनिटांचे काम नऊ तासांवर जाते! यंत्र तेच, माणसे तीच. बदलला तो एक आकडा. त्यातून अधीर मुले पान पुन्हा पुन्हा उघडतात. प्रत्येक वेळी नवी मागणी रांगेत शिरते, आणि निघून गेलेल्याचे कामही सर्व्हर बहुधा पुरे करतोच.

मग खिडक्याच वाढवाव्यात की! नवशिक्याला हेच सुचते. पण प्रत्येक खिडकीला स्मृती लागते. ती ४० मेगाबाइट धरली तर २५६ खिडक्यांना १० गिगाबाइट आणि हजार खिडक्यांना ४० गिगाबाइट. यंत्रात १६ गिगाबाइटच असतील तर उरलेला पसारा डिस्कवर जातो आणि सगळेच गोगलगाईच्या चालीने चालू लागते. शिवाय गुण ज्या दप्तरात असतात, त्या मायएसक्यूएलसारख्या आज्ञावलीची स्वतःची मर्यादा मुळात १५१ जोडण्यांची असते. खिडकीवरचे कारकून २५६ आणि वह्या १५१!

म्हणून जाणकार प्रथम नोंदवही, म्हणजे एरर लॉग, उघडतो. खिडक्यांची मर्यादा गाठली की अपाची तसे तेथे लिहून ठेवतो. पडद्यावरचा आकडाही बोलका असतो. ४०४ म्हणजे मागितलेले पानच तेथे नाही. ५०३ म्हणजे सेवा तूर्त देता येत नाही. ५०४ म्हणजे आतल्या यंत्राचे उत्तर वेळेत आले नाही. मग कीप-अलाइव्हची मुदत एक सेकंदावर आणायची किंवा ‘इव्हेंट’ ही नवी पद्धत वापरायची. तिच्यात रिकामी बसलेली जोडणी बाजूला ठेवून खिडकी दुसऱ्याला देतात. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. सर्वांत नामी तोड मात्र वेगळीच आहे. जाहीर झालेला निकाल त्या दिवसात बदलत नाही; तेव्हा प्रत्येकाचे पान आधीच तयार करून ठेवले तर दप्तर उघडावेच लागत नाही.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या मदतीने हे पाहता येईल. प्रीफोर्क पद्धतीत दोनच खिडक्या ठेवा, कीप-अलाइव्हची मुदत ३० सेकंद करा आणि तीन संगणकांवरून एकदम पान मागा. तिसऱ्याला किती थांबावे लागते ते घड्याळात बघा. मग मुदत एक सेकंद करून, सर्व्हर पुन्हा सुरू करून, तीच वेळ मोजा.